स्टुटगार्टमध्ये भाड्याचं घर: कागदपत्रं, करार आणि पत्त्याची नोंदणी

पुण्याहून नोकरीसाठी स्टुटगार्टला येणाऱ्याची पहिली गाठ पडते ती एका चक्राशी. घरमालकाला शेवटच्या तीन पगारपावत्या आणि शूफाचा (कर्ज-उधारीची माहिती ठेवणाऱ्या जर्मन संस्थेचा) पतअहवाल हवा असतो. पगारातून योग्य तेवढाच कर कापला जायला करक्रमांक लागतो. करक्रमांक पत्ता नोंदवल्यावर येतो, आणि पत्ता नोंदवायला आधी घर लागतं. हे चक्र एका उडीत तुटत नाही. आधी दोन-तीन महिन्यांसाठी सामानासकट एखादी तात्पुरती जागा घ्यावी, तिथे पत्ता नोंदवावा, पगार सुरू होऊ द्यावा आणि मग कायमचं घर शोधावं. तात्पुरती जागा ठरवताना भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न एकच: इथे ‘आनमेल्डुंग’, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करता येईल का? सुट्टीसाठी दिल्या जाणाऱ्या बऱ्याच जागांत ती करू देत नाहीत. होकार मिळाला तर तो लेखी घ्या.

जाहिरात वाचताना

खोल्या मोजण्याची पद्धत आपल्यापेक्षा वेगळी आहे. ‘2 त्सिमर’ म्हणजे आपलं वन बीएचके: एक हॉल आणि एक बेडरूम. स्वयंपाकघर आणि बाथरूम त्या आकड्यात धरत नाहीत. स्वयंपाकघर म्हणजे कधी कधी नुसत्या भिंती आणि पाण्या-विजेची जोडणी एवढंच असतं; ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं. तयार स्वयंपाकघर असेल तर जाहिरातीत ‘आइनबाउक्युखे’ किंवा ईबीके असं लिहिलेलं असतं. आधीचा भाडेकरू आपलं स्वयंपाकघर विकत घ्या म्हणाला, तर त्याची किंमत, यादी आणि कुठल्या वस्तू किती जुन्या आहेत हे कागदावर घ्या.

भाड्याचे दोन आकडे असतात. ‘काल्टमीटे’ हे नुसत्या जागेचं भाडं. त्यात पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुधा हीटिंग यांचा आगाऊ हप्ता, म्हणजे ‘नेबेनकोस्टेन’, मिळवला की ‘वार्ममीटे’ होते. समजा 900 युरो काल्ट आणि 220 युरो नेबेनकोस्टेन, तर वार्म 1,120 युरो. वीज आणि इंटरनेट सहसा यात नसतात. शिवाय दर घरामागे महिन्याला 18.36 युरोचं प्रसारण शुल्क असतं. घरात टीव्ही नसला तरी ते भरावंच लागतं, मात्र एका घरात चौघे राहत असले तरी ते एकदाच द्यायचं.

शहर दरीत वसलेलं आहे. मिटे, वेस्ट आणि झ्युड हे मधले भाग महाग आहेत आणि तिथे स्पर्धाही जास्त. बाड कानश्टाट, फॉयरबाख, त्सुफनहाउझन किंवा एस-बानने (उपनगरी रेल्वेने) जोडलेली बोब्लिंगन, लुडविग्सबुर्ग, एस्लिंगन ही गावंही शोधात धरा. विद्यापीठात शिकणाऱ्यांनी फाइहिंगन भागापासून सुरुवात करावी.

अर्जाची फाइल

घर पाहायला जाण्याआधीच एकच पीडीएफ तयार ठेवा. चांगल्या घराला पहिल्या दिवशीच इतके अर्ज येतात की ‘उद्या पाठवतो’ म्हणणारा मागे पडतो. फाइलमध्ये अर्धा पान जर्मन परिचय असावा: काय काम करता, कुठे, घरात किती माणसं, कधीपासून राहायला येणार. त्यामागे ‘झेल्प्स्टआउसकुन्फ्ट’, म्हणजे स्वतःविषयीच्या माहितीचा फॉर्म, मग नोकरीचा करार, पगारपावत्या आणि शूफाचा अहवाल. आधीच्या घरमालकाकडून भाडं थकलेलं नसल्याचं पत्र मिळालं तर तेही जोडा. ते देणं त्याच्यावर बंधनकारक नसतं, त्यामुळे न मिळाल्यास प्रत्येक महिन्याचं भाडं भरल्याचं दाखवणारं बँक स्टेटमेंट चालतं.

शूफाकडून वर्षातून एकदा तरी स्वतःच्या माहितीची प्रत फुकट मागवता येते. तिच्यात तुमची खाती आणि कर्जं सविस्तर दिसतात, म्हणून ती स्वतः वाचण्यासाठी ठेवा. घरमालकांसाठी थोडक्यातला, पैसे भरून मिळणारा अहवाल असतो. नवीन आलेल्याच्या नावावर तिथे जवळपास काहीच नसतं. परिचयात तसं सरळ लिहा आणि नोकरीच्या करारावर भर द्या. वार्ममीटे हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण तिसऱ्या भागात बसते का, हे बहुतेक घरमालक पाहतात. विद्यार्थ्यांकडे पगारपावती नसते. त्यांच्या कामाला ब्लॉक्ड अकाउंटचा (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या बँक खात्याचा) दाखला, शिष्यवृत्तीचं पत्र किंवा जर्मनीत कमावणाऱ्या कुणाची लेखी हमी येते.

गर्भारपण, धर्म किंवा लग्नाचा बेत याबद्दल विचारायचा घरमालकाला अधिकार नाही. अशा प्रश्नाला खरं उत्तर न देण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. पगार आणि नोकरीबद्दल मात्र खोटं लिहू नका. त्यावरून करार रद्द होऊ शकतो.

एक सावधगिरी कधीही सोडू नका. घर आतून पाहिलेलं नाही आणि करारावर सही झालेली नाही, तोवर एक युरोही पाठवायचा नाही. ‘मी परदेशात आहे, डिपॉझिट भरा, किल्ली कुरिअरने पाठवतो’ असं सांगणारा माणूस फसवणारा असतो. पासपोर्टची प्रतही पहिल्याच ईमेलला जोडू नका. एजंटाची फी 1 जून 2015 पासून ज्याने एजंट नेमला त्यानेच द्यायची असते. घरमालकाच्या एजंटाने तुमच्याकडे ती मागितली तर ती मागणी बेकायदा आहे.

करार आणि डिपॉझिट

आपल्याकडच्या 11 महिन्यांच्या करारासारखं इथे नसतं. नेहमीचा करार बेमुदत असतो, आणि मुदतीचा करायचा तर घरमालकाला त्याचं कायद्यात बसणारं कारण लेखी द्यावं लागतं. भाडं दरवर्षी ठराविक रकमेने वाढणार आहे की महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे, हे सहीआधी वाचा. किमान काही काळ घर सोडता येणार नाही अशी अट आहे का, तेही पाहा. तिसरी गोष्ट खास श्वाबियाची, म्हणजे स्टुटगार्टच्या या प्रदेशाची: ‘केअरवोखे’. आपल्या पाळीच्या आठवड्यात जिना, तळघर आणि दारासमोरचा रस्ता झाडण्याची ही पद्धत आहे. करारात ती लिहिलेली असेल तर तुम्हाला पाळावी लागते, आणि शेजाऱ्यांच्या तक्रारी बहुधा इथूनच सुरू होतात.

डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं घेता येतं. वरच्या उदाहरणात ते 2,700 युरो होतं, आणि 900च्या तीन मासिक हप्त्यांत भरण्याचा हक्क तुम्हाला आहे. घरमालकाने ती रक्कम स्वतःच्या पैशांपासून वेगळी ठेवायची असते आणि तिच्यावरचं व्याज तुमचं असतं.

किल्ल्या घेताना ताब्याच्या कागदावर वीज, पाणी आणि हीटिंगच्या मीटरचे आकडे, किल्ल्यांची संख्या आणि भिंतीवरची प्रत्येक भेग लिहून घ्या, फोटोही काढा. जे लिहिलं नाही त्याचे पैसे घर सोडताना तुमच्याकडे मागितले जातात.

पत्त्याची नोंदणी

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोत, म्हणजे शहराच्या नागरिक कार्यालयात, नोंदणी करायची. भेटीची वेळ मिळायला उशीर होतो, म्हणून ती करारावर सही होताच ऑनलाइन घ्या. सगळ्यांचे मूळ पासपोर्ट आणि भरलेला फॉर्म लागतो. कुटुंब सोबत असेल तर विवाह आणि जन्माचे दाखले, त्यांच्या अधिकृत जर्मन भाषांतरासह, न्यावे लागतात. विवाहाची नोंद झाली नाही तर विवाहितांचा करवर्ग मिळत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ या कागदावाचून. तुम्ही या पत्त्यावर अमुक तारखेपासून राहता, असं घरमालकाने सही करून दिलेलं हे पत्र आहे. त्यात घरमालकाचं नाव आणि पत्ता, राहायला आल्याची तारीख, घराचा पत्ता आणि राहणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत. भाडेकरार दाखवून त्याची जागा भरता येत नाही. घरमालकाने हे पत्र द्यायलाच हवं. तो टाळत असेल तर कार्यालयाला लगेच कळवा. ओळखीच्या कुणाकडून खोटं पत्र घेऊ नका, त्याला 50,000 युरोपर्यंत दंड आहे.

त्यानंतर 11 अंकी करक्रमांक दोन-तीन आठवड्यांत टपालाने येतो. पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि करक्रमांक हरवण्याचं सगळ्यात साधं कारण हेच आहे. कुणाच्या घरात खोली घेतली असेल तर पत्त्यात ‘बाय’ (bei, म्हणजे ‘यांच्याकडे’) लिहून त्यापुढे त्या माणसाचं आडनाव लिहा.

घर सोडताना

भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पेनाने सही केलेलं पत्र त्या महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत घरमालकाच्या हाती पडायला हवं. मार्चमध्ये असं पोहोचलं तर करार 31 मेला संपतो, एक दिवस उशीर झाला तर 30 जूनला. ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर दिलेली नोटीस धरली जात नाही. भारतात परतणार असाल तर पत्त्याची नोंद रद्द करावी लागते, आणि ते घर सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून करता येतं. जर्मन बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. डिपॉझिट परत यायला काही महिने लागतात. नेबेनकोस्टेनचा अंतिम हिशेब तर ते हिशेबाचं वर्ष संपल्यानंतर 12 महिन्यांपर्यंत येऊ शकतो, आणि त्यासाठी घरमालक डिपॉझिटचा थोडा भाग अडवून ठेवू शकतो.