गेंड्याच्या शिंगांचा कायदेशीर व्यापार : दक्षिण आफ्रिकेतील वाद

गेंडे वाचवण्यासाठी त्यांच्या शिंगांची नियंत्रित विक्री खुली करावी की बंदी कायम ठेवावी, हा वाद. जगातले बहुतेक पांढरे गेंडे दक्षिण आफ्रिकेत आहेत आणि त्यांतले निम्म्याहून अधिक खासगी मालकांच्या जमिनीवर, त्यामुळे वादाचे केंद्रही तोच देश राहिला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणी पांढरे गेंडे दक्षिण आफ्रिकेतील उंफोलोझी परिसरात शंभराच्या आत उरले होते. ते सावरल्यावर १९६०च्या दशकापासून तिथले गेंडे पकडून इतरत्र वसवण्यात आले. १९९१च्या कायद्याने पुरेसे कुंपण असलेल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांवर मालकी हक्क मिळाला आणि गेंडा पाळणे शेतकऱ्याला परवडू लागले. विक्री खुली करा म्हणणाऱ्या व्यापारवाद्यांचा युक्तिवाद इथून सुरू होतो.

त्याचा दुसरा पाया जीवशास्त्रात आहे. गेंड्याचे शिंग हाडाचे नसून नखांसारखे केरॅटिनचे असते आणि कापले तरी वाढते. हस्तिदंताचे तसे नाही. कापणीसाठी हेलिकॉप्टरमधून एटॉर्फिन या गुंगीच्या औषधाचा डार्ट मारतात. जनावर बसले की डोळ्यांवर पट्टी बांधून कानांत बोळे घालतात आणि त्याला छातीवर टेकवून ठेवतात. एका कुशीवर फार वेळ राहिल्यास पायांचे स्नायू दबून निकामी होऊ शकतात. एटॉर्फिनने श्वास मंदावतो आणि अंग तापते, म्हणून काम थंड वेळी उरकतात, अंगावर पाणी ओततात आणि रक्तातील ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात. शिंग मुळापासून साधारण सात-आठ सेंटिमीटर वर आखून चेनसॉने कापतात. त्याहून खाली गेल्यास वाढीचा जिवंत थर कापला जातो, रक्त येते आणि पुढचे शिंग वेडेवाकडे उगवते. बुंधा घासून त्यावर डांबर लावतात आणि उताऱ्याचे इंजेक्शन देतात. काही मिनिटांत जनावर उठते. दीड-दोन वर्षांनी हे सारे पुन्हा करावे लागते.

कापलेल्या शिंगाचे वजन व मापे नोंदवून त्यात मायक्रोचिप बसवतात. शिंग कापताना पडलेला भुसा आणि रक्ताचा नमुना डीएनए नोंदीसाठी प्रिटोरिया विद्यापीठाच्या ऑन्डरस्टपोर्ट येथील प्रयोगशाळेकडे जातो. एवढी साखळी अखंड राहिली तर कोणते शिंग कोणत्या गेंड्याचे हे सांगता येते. पण व्हिएतनाममध्ये शिंग तुकड्यांत विकले जाते, उगाळून किंवा पूड करून औषध म्हणून घेतले जाते. तिथे चिप उरत नाही आणि प्रत्येक पुडीची डीएनए तपासणी कोणी करत नाही. विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा हाच आहे : चोरीचा माल कायदेशीर मालात मिसळण्याची जागा बाजाराच्या शेवटच्या टोकाला असते आणि तिथे दक्षिण आफ्रिकेचे नियम पोहोचत नाहीत.

साइटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारात सर्व गेंडे १९७७मध्ये परिशिष्ट एकमध्ये गेले, म्हणजे त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला. १९९४मध्ये दक्षिण आफ्रिकेचे पांढरे गेंडे परिशिष्ट दोनमध्ये, म्हणजे नियंत्रित व्यापाराच्या यादीत आले, पण केवळ जिवंत प्राणी व शिकारीची ट्रॉफी (शिकाऱ्याने आठवण म्हणून नेलेले शिंग, मुंडके वगैरे) यांपुरते. त्या फटीतून बनावट शिकारी शिरले. बंदूक धरण्याचीही सवय नसलेले लोक शिकारीचा परवाना काढून शिंग ट्रॉफी म्हणून व्हिएतनामला नेऊ लागले. शेवटी २०१२मध्ये व्हिएतनामी नागरिकांना असे परवाने देणे थांबवले गेले.

देशांतर्गत विक्रीवर फेब्रुवारी २००९मध्ये बंदी आली. चोरट्या शिकारीत २००७मध्ये १३, २००८मध्ये ८३ आणि २०१४मध्ये १,२१५ गेंडे मारले गेले. बंदीमुळेच शिकार फोफावली, असे मालक म्हणतात. मात्र १३वरून ८३ची उडी बंदीच्या आधीची आहे, हे त्या मांडणीत सहसा येत नाही. बंदी घालताना जनतेची मते नीट मागवली नव्हती, या मुद्द्यावर ती न्यायालयात टिकली नाही. एप्रिल २०१७मध्ये घटनात्मक न्यायालयाने सरकारचे अपील फेटाळले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉन ह्यूम या मोठ्या गेंडापालकाने २६४ शिंगांचा ऑनलाइन लिलाव केला. संकेतस्थळ चिनी आणि व्हिएतनामी भाषांतही होते, पण शिंग देशाबाहेर नेता येत नसल्याने फारशी विक्री झाली नाही.

दोन्ही पक्ष हस्तिदंताचा दाखला देतात. २००८मध्ये चार आफ्रिकी देशांनी साइटीसच्या परवानगीने शंभर टनांहून अधिक साठा चीन व जपानला विकला. या विक्रीने चोरट्या शिकारीला चालना मिळाली, असे एका २०१६च्या अभ्यासाने मांडले. इतर संशोधकांनी त्याच्या आकडेमोडीवर आक्षेप घेतले. एकाच वेळची मोठी विक्री आणि दरवर्षीचा स्थिर पुरवठा या वेगळ्या गोष्टी आहेत, हे व्यापारवाद्यांचे म्हणणे रास्त आहे. मात्र स्थिर पुरवठ्याचा प्रयोग शिंगांच्या बाबतीत झालेलाच नाही आणि तो फसला तर मेलेले गेंडे परत आणता येत नाहीत.

साइटीसमध्ये प्रस्ताव मंजूर होण्यासाठी दोन तृतीयांश मते लागतात. इस्वाटिनीचा (तेव्हाच्या स्वाझीलँडचा) शिंगविक्रीचा प्रस्ताव २०१६मध्ये जोहान्सबर्गला २६ विरुद्ध १०० मतांनी पडला आणि २०१९मध्ये जिनिव्हालाही पडला. केनियाने साठे जाळण्याचा मार्ग धरला. भारतात आसाम सरकारने सप्टेंबर २०२१मध्ये बोकाखात येथे जवळपास अडीच हजार शिंगे जाळली. दक्षिण आफ्रिकेत साठे तिजोऱ्यांत आहेत. शिंग वाळते तसे वजन घटते आणि त्याला कीड लागते. दर तपासणीत फेरवजन झाले नाही, तर घट नैसर्गिक की चोरीची हे कळत नाही.

राखणीचा खर्च मात्र रोजचा आहे : सशस्त्र पहारेकरी, कुंपण, गस्तीची वाहने. एप्रिल २०२३मध्ये ह्यूम यांनी सुमारे दोन हजार गेंड्यांसह आपले फार्म लिलावात काढले, तेव्हा एकही बोली आली नाही. सप्टेंबरमध्ये आफ्रिकन पार्क्स या संस्थेने ते घेतले. शिंगविक्रीसाठी नव्हे, तर दहा वर्षांत सगळे गेंडे सुरक्षित अभयारण्यांत सोडण्यासाठी. २०२४मध्ये त्यांतले १२० क्रुगर उद्यानालगतच्या खासगी अभयारण्यांत पोहोचले.