जुनी जीप व्हिंटेजमध्ये नोंदवायचीय? आधी इंजिन नंबर नीट वाचा

घरी जुनी विलीज नाहीतर फोर्डची जीप उभी असेल आणि व्हिंटेज म्हणून पासिंग करायचं असेल तर फॉर्म राहू दे, आधी बॉनेट उघडा. आरसी बुकातला नंबर आणि इंजिनच्या ब्लॉकवरचा नंबर जुळत नसेल तर बाकी सगळी कागदं असूनही फाइल पुढे सरकत नाही.

ब्लॉकच्या उजव्या बाजूला पुढे, वरच्या कोपऱ्यात एक सपाट जागा असते, तिथे नंबर पंच केलेला असतो. इथे पुष्कळ जण फसतात, कारण ब्लॉकवर उठावाचे मोठे आकडेही असतात, पण ते ओतकामाचे, एकाच साच्यातल्या सगळ्या ब्लॉकवर सारखेच. आपल्याला हवाय तो खोल ठोकलेला. रॉकेल आणि जुना टूथब्रश घ्या, ग्रीस काढा, वरून खडूची पावडर चोळा आणि टॉर्च आडवा धरा, आकडे आपोआप उठून दिसतात. ग्राइंडर अजिबात लावू नका! आमच्या जीपचा तो भाग एका गॅरेजवाल्याने चकाचक करून दिला आणि शेवटचे दोन आकडे गेले ते गेलेच. आणि गेलेले आकडे स्वतः पंच मारून घालायचे नाहीत, गाडी चोरीची असल्याचा संशय येतो.

आता वय. आधी सुरुवातीची अक्षरं बघा. एमबी म्हणजे युद्धातली विलीज, जीपीडब्ल्यू म्हणजे फोर्डने बांधलेली, म्हणजे १९४१ ते ४५ च्या दरम्यानची. नुसतं जे असेल तर बहुतेक युद्धानंतरची नागरी जीप सीजे टूए, ४जे असेल तर बहुतेक सीजे थ्रीबी, म्हणजे १९५३ पासूनची. फोर्डच्या जीपला कारखान्यात इंजिन आणि चेसिसचा नंबर एकच असायचा, विलीजला तसं नव्हतं, त्यामुळे एमबीचे दोन नंबर वेगळे दिसले म्हणून घाबरू नका, दोन्ही आरसीशी जुळले की झालं.

पण नीट लक्षात घ्या, इंजिनवरून गाडी कधीची ते कळतं, पात्रता मात्र ठरते पहिल्या नोंदणीच्या तारखेवरून. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्या तारखेपासून ५० वर्षं उलटलेली असावीत, गाडी दुचाकी किंवा चारचाकी आणि खाजगी वापराची असावी, आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार नसावा. म्हणजे १९४४ ची जीप लष्कराच्या लिलावातून निघून १९८० ला पहिल्यांदा पासिंग झाली असेल तर मोजायचं १९८० पासून. आणि आपल्याकडे डिझेल स्वस्त म्हणून कितीतरी जीपांत प्यूजोचं इंजिन बसवलंय, त्यांची खरी अडचण इथेच आहे. मूळ इंजिन कुठे शेडमध्ये पडलं असेल तर भंगारात घालू नका हो, प्लीज.

अर्ज परिवहन पोर्टलवर, फॉर्म २० मध्ये. सोबत चालू इन्शुरन्स, गाडी इथे नोंदलेली असेल तर जुनी आरसी, परदेशातून आणलेली असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीचा कागद. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसाही लागतो, दोन-तीन काढून ठेवा, एक फाटतोच. जुनी आरसी हाताने लिहिलेली असेल आणि गाडी ऑनलाइन दिसत नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्या, पोर्टलवर अर्ज त्यानंतरच.

फी नव्या नोंदणीला २०,००० आणि त्यानंतरच्या फेरनोंदणीला ५,००० रुपये. राज्याची समिती गाडी तपासते, नंबर बघते, आणि पास झाली की ६० दिवसांच्या आत फॉर्म २३ए मध्ये आरसी मिळते, नोंदणी १० वर्षांसाठी. आणि सगळ्यात आनंदाची गोष्ट म्हणजे आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर तसाच राहतो, आजोबांच्या काळातली ती तीन अक्षरं आणि चार आकडे. नवीन नोंदणीला मात्र राज्याच्या कोडनंतर व्हीए असलेला नंबर मिळतो.

एवढं करून रोज बाजाराला किंवा भाड्याने मात्र फिरवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला, अशा कामांसाठीच रस्त्यावर काढायची. आणि विकलीत तर घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोघांनीही ९० दिवसांत आपापल्या परिवहन खात्याला कळवायचं.