व्हॅक्सिनमधली गाय, लशीतला द्रव

गुडघा खरचटला की दुसऱ्या दिवशी खपलीच्या कडेने चिकट पाणी झिरपतं. 'हात लावू नकोस, लस येतेय,' असं आई म्हणायची. तीच लस दवाखान्यातल्या सुईत कशी पोचली? हे कळायला 'व्हॅक्सिन' या इंग्रजी शब्दाची कुळकथा पाहावी लागते.

लॅटिनमध्ये 'वाक्का' म्हणजे गाय आणि 'व्हॅक्सिनस' म्हणजे गाईचा. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरच्या गवळणींना गाईच्या सडांवरचे फोड हाताला होत, पण नंतर सहसा देवी येत नसत. बर्कली गावचे डॉक्टर एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी सारा नेल्म्स या गवळणीच्या हातावरच्या फोडातला द्रव घेतला आणि जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडावर बारीक चिरा देऊन त्यात भरला. जुलैत त्याला खऱ्या देवीचा द्रव टोचला, तरी त्याला देवी आल्या नाहीत. एका लहान मुलावर केवढी जोखीम घेतली होती, हे वाचताना आजही पोटात गोळा येतो. १७९८ साली जेन्नरनी या रोगाला नाव दिलं 'व्हॅरिओली व्हॅक्सिनी', म्हणजे गाईच्या देवी. पुढे देवी गळाल्या आणि नुसतं 'गाईचा' हे विशेषण नाम होऊन बसलं! टोचण्याच्या क्रियेला 'व्हॅक्सिनेशन' हा शब्द १८०० साली प्लिमथचे शल्यविशारद रिचर्ड डनिंग यांनी वापरला.

१८८१ साली लुई पाश्चर लंडनच्या वैद्यकीय परिषदेत म्हणाले की, जेन्नरच्या सन्मानार्थ हा शब्द इतर रोगांच्या लशींनाही लावावा. पाश्चरच्या लशी होत्या कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरच्या आणि काळपुळीवरच्या. त्यांचा गाईच्या देवीशी काही संबंध नव्हता. पुढे १८९७ साली वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली प्लेगची लसही व्हॅक्सिनच ठरली. गंमत म्हणजे १९०२ सालच्या देवीवरच्या एका अमेरिकी लशीचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा तिच्यातला विषाणू घोड्याच्या देवीच्या विषाणूशी अगदी जवळचा निघाला. गाय मात्र शब्दात कायम राहिली.

मराठीने गाय घेतली नाही, फोडातला द्रव घेतला. मला हे नाव अधिक नेमकं वाटतं, कारण त्या काळी बाटलीबंद औषध नव्हतंच. एका मुलाला टोचायचं, आठवड्याभराने त्याच्या दंडावर टपोरा फोड आला की तो फोडून त्यातली लस दुसऱ्याला द्यायची, त्याच्याकडून तिसऱ्याला. हातोहात, अगदी शब्दशः. बगदादहून बसऱ्यामार्गे आलेली लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीच्या दंडावर धरली. तिच्यापासून मुंबईतल्या आणखी मुलांना टोचलं गेलं, आणि तिथून ती पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रासला गेली.