मात्सुमाए संस्थान

जपानमधील एदो काळातील (१६०३–१८६८) एक लहान सरंजामी संस्थान. उत्तरेकडील होक्काइडो बेटाच्या (तेव्हाचे एझो) नैर्ऋत्य टोकास वसलेले. दाइम्योचा (सरंजामी संस्थानिकाचा) दर्जा त्याच्या मुलखातील तांदळाच्या उत्पन्नावर, म्हणजे कोकुवर (सु. १८० लि.) ठरत असे, येथे मात्र भातशेती जवळजवळ नव्हतीच. एझोच्या मूळ रहिवासी आयनू लोकांशी व्यापार करण्याचा मक्ता हेच संस्थानाचे उत्पन्न.

घराण्याचे मूळ वादग्रस्त आहे. ‘शिन्रा नो किरोकु’ (१६४६) या घराण्याच्याच बखरीनुसार मूळपुरुष ताकेदा नोबुहिरो हा वाकासा प्रांताच्या ताकेदा कुळातला. शिनोरी येथे एका आयनू तरुणाचे जपानी लोहाराशी सुरीवरून भांडण झाले, लोहाराने त्याच सुरीने त्याला भोसकले आणि त्यातून आयनूंचा उठाव पेटला. बारापैकी दहा जपानी गढ्या पडल्या. १४५७ मध्ये नोबुहिरोने आयनू नायक कोशामाइन याला बाणाने मारले; पुढे तो काकिझाकी घराण्याचा वारस झाला, असे ही बखर सांगते. परंतु बखरकार कागेहिरो हा याच घराण्यातला, आणि लेखन घटनेनंतर सु. १९० वर्षांनी झालेले. वाकासाशी जोडलेली वंशावळ दाइम्योपदाला शोभावी म्हणून नंतर रचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. काही अभ्यासक नोबुहिरोचा संबंध होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर भागाशी लावतात. त्याच्या कात्सुयामा गढीजवळच्या दफनभूमीत जपानी व आयनू थडगी शेजारीशेजारी सापडली आहेत. बखरीतले सरळसोट वैर त्यांच्याशी जुळत नाही.

नोबुहिरोचा वंशज योशिहिरो याने १५९९ च्या सुमारास मात्सुमाए हे आडनाव घेतले. १६०४ मध्ये शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) तोकुगावा इएयासूने दिलेल्या काळ्या मुद्रेच्या सनदेत, मात्सुमाएच्या परवानगीवाचून कोणी आयनूंशी व्यापार करू नये, असा हुकूम होता. आयनूंनी मात्र हवे तिकडे जावे, असेही त्यात नमूद होते; प्रत्यक्षात ही मोकळीक आक्रसत गेली. सरदारांना जमिनीऐवजी किनाऱ्यावरची व्यापारस्थाने तोडून दिली जात. शंभर सुक्या सामन माशांमागे पूर्वी दोन तो (सु. ३६ लि.) तांदूळ मिळे, तो सात-आठ शोवर (सु. १३–१४ लि.) आला, पोते तेच, आतले धान्य कमी. या गाऱ्हाण्याचा आयनू नायक शाकुशाइनच्या उठावात (१६६९) मोठा वाटा होता. तहाच्या बोलणीसाठी बोलावून शाकुशाइनला दग्याने मारण्यात आले. अठराव्या शतकात ही स्थाने व्यापाऱ्यांना मक्त्याने दिली गेली. आयनूंच्या कुनाशिरी-मेनाशी उठावानंतर (१७८९) संस्थानाला साथ देणाऱ्या बारा आयनू प्रमुखांची चित्रे काकिझाकी हाक्यो याने काढली. त्यांपैकी अकरा १९८४ मध्ये फ्रान्समधील बझांसों येथे आढळली.

रशियाच्या भीतीने शोगुनशाहीने १८०७ मध्ये सर्व एझो ताब्यात घेऊन घराण्याला होन्शूतील यानागावा येथे हलविले; १८२१ मध्ये मुलूख परत मिळाला. १८५४ मध्ये पुरा झालेला मात्सुमाएचा किल्ला समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठी बांधला होता. १८६८ मध्ये पदच्युत शोगुनशाहीच्या बाजूने लढणाऱ्या हिजिकाता तोशिझोच्या फौजेने तो घेतला. १८७१ मध्ये संस्थान विसर्जित झाले. किल्ल्याचा मुख्य मनोरा १९४९ च्या आगीत जळाला. आजचा मनोरा १९६१ चा, काँक्रीटचा आहे. मूळचा मुख्य दरवाजा मात्र अजून उभा आहे.