मद्यमुक्तीच्या गटाबाहेर पाटी का नसते : पार्श्वभूमी

महाराष्ट्रात ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’चे (अनामिक मद्यपींचे) मद्यमुक्तीचे स्वमदत गट सहा दशकांहून अधिक काळ चालत आले आहेत. तरीही दारू सोडू पाहणाऱ्याला किंवा त्याच्या घरच्यांना जवळच्या गटाचा पत्ता बहुधा डॉक्टरांकडून, व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा ओळखीतल्या एखाद्या जुन्या सदस्याकडूनच कळतो. शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत ठरलेल्या संध्याकाळी मीटिंग भरते, पण बाहेर पाटी दिसत नाही. हे दुर्लक्षामुळे घडलेले नसून त्यामागे जाणीवपूर्वक घेतलेला एक जुना निर्णय आहे.

या गटांची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या अॅक्रन शहरात, एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद यांच्या भेटीतून झाली. त्यांच्या आधी, १८४० मध्ये, बाल्टिमोरमधील सहा मद्यपींनी असाच प्रयत्न केला होता. पण ती चळवळ झपाट्याने वाढली, दारूबंदीच्या राजकारणात ओढली गेली आणि काही वर्षांतच विरली. पुढच्या पिढीने हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवले. मात्र प्रसिद्धीचा लाभ तिनेही अनुभवला होता. मार्च १९४१ मध्ये एका मोठ्या साप्ताहिकात लेख आला आणि सुमारे २,००० असलेली सदस्यसंख्या वर्षअखेरीस ८,०००च्या घरात गेली. असे असूनही १९४६ मध्ये लिहिल्या गेलेल्या आणि १९५० साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात स्वीकारल्या गेलेल्या बारा परंपरांमध्ये, म्हणजे गटांनी पाळायच्या तत्त्वांमध्ये, जाहिरातबाजी करायची नाही, वृत्तपत्रांत सदस्याचे पूर्ण नाव येऊ द्यायचे नाही, बाहेरच्या कोणाचीही देणगी घ्यायची नाही आणि कोणत्याही संस्थेशी किंवा सार्वजनिक वादाशी स्वतःला जोडून घ्यायचे नाही, असे ठरले. १९४८ मध्ये मृत्युपत्राद्वारे मिळू घातलेले १०,००० डॉलर नाकारले गेले, तेही याच भूमिकेतून. पैशाबाबतचा हा निर्णय योग्यच होता, कारण ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही त्याच्यासमोर झुकावेही लागत नाही. प्रसिद्धीबाबतचा निर्णय मात्र आपल्याकडे गरजेपेक्षा अधिक ताणला गेला, असे म्हणावे लागते. मीटिंगची वेळ आणि जागा जाहीर केल्याने कोणाचेही नाव उघड होत नाही. १९५०च्या मजकुरातही तसे करण्यास कोठे मनाई नाही.

हा संकोच इथे का मुरला, हे समजण्यासाठी त्या वेळचा कायदा पाहावा लागतो. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे गट भारतात आले, तेव्हा मुंबई राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा लागू होता. परवाना मिळालेला माणूस वगळता पिणारा कायद्याच्या नजरेत गुन्हेगार होता. अशा काळात चार माणसांत बसून आपण रोज पितो असे सांगणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देण्यासारखेच होते. त्यामुळे अनामिकतेला इथे मूळ देशापेक्षा वेगळे वजन आले. पुढे दारूबंदी सैल झाली, परंतु गटांची सवय बदलली नाही.

खरा फरक पडला तो १९८०च्या दशकात. गर्दच्या, म्हणजे अशुद्ध हेरॉइनच्या, व्यसनाने मुंबई-पुण्यातील तरुण ओढले जात असताना १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात एक व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. तिथे पाच आठवड्यांच्या निवासी उपचारात रोजच्या समूहचर्चेला मध्यवर्ती स्थान मिळाले आणि घरी परतलेल्या रुग्णांसाठी गावोगावी पाठपुराव्याच्या सभा भरू लागल्या. केंद्राला नाव, पत्ता, दूरध्वनी, समुपदेशक होते. स्वतंत्र गटाकडे यांपैकी काहीच नव्हते. साहजिकच लोक आधी केंद्रात आणि तिथून गटात येऊ लागले. वैद्यकीयदृष्ट्याही हा क्रम सुरक्षित आहे, कारण रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी थांबवली तर हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे जिवावर बेतणारे परिणाम होऊ शकतात, आणि गट औषधोपचार करत नाहीत. पण यात एक पेच राहिला. गटाची एकमेव अट म्हणजे दारू सोडण्याची इच्छा, आणि पत्नीने किंवा मालकाने दामटून पाठवलेल्या माणसाकडे तीच नसण्याची शक्यता असते. व्यवहारात गटांनी अशांनाही बसू दिले, आणि ते योग्यच झाले. इच्छा पुष्कळदा इतरांचे अनुभव ऐकता ऐकताच जागी होते. पत्नींसाठी आणि कुटुंबीयांसाठी वेगळे गट आहेत, मात्र स्वतः दारूच्या आहारी गेलेल्या स्त्रीला संकोच न वाटेल अशी जागा अजूनही सहज सापडत नाही.

त्यानंतरची सार्वजनिक चर्चा बहुतांशी बाटलीभोवतीच फिरली. गडचिरोलीनंतर चंद्रपुरात २०१५ साली दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. महसूल, अवैध विक्री आणि गुन्हे यांवर भरपूर बोलले गेले, पिणाऱ्याने कुठे जावे यावर फारच थोडे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारूच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले. त्यामुळे उपचार हा रुग्णाचा हक्क झाला, पण उपचारानंतरच्या संध्याकाळी पूर्वीप्रमाणेच गटांवर सोपवल्या गेल्या. २०२०च्या टाळेबंदीत शाळांचे वर्ग बंद झाले तेव्हा मीटिंगा ऑनलाइन भरू लागल्या, आणि जे आधी तोंडी सांगितले जात होते ते वेळापत्रक मोबाइलवर फिरू लागले. आज एखाद्या गटाच्या मदत क्रमांकावर फोन करणाऱ्याने मीटिंग खुली आहे की बंद, एवढे विचारून घ्यावे: खुल्या मीटिंगला नातेवाईकही येऊ शकतात, तर बंद मीटिंग केवळ ज्यांना स्वतः दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. नाव नोंदवावे लागत नाही, शुल्क नसते, आणि पहिल्या दिवशी काहीही न बोलता नुसते ऐकत बसले तरी चालते.