झोपेची औषधे (शामके व निद्राकारके)

अस्वस्थता शमवणारी किंवा झोप आणणारी औषधे. पुष्कळदा औषध एकच असते. कमी मात्रेत ते शांत करते, जास्त मात्रेत झोपवते.

गॅबा हे रसायन मेंदूचा स्वतःचा लगाम आहे. ते चेतापेशीवरील ग्राहीला (रसायन जिथे बसते त्या जागेला) चिकटले की क्लोराइड आयन (ऋण विद्युतभाराचे कण) आत शिरतात आणि पेशी सहजी उद्दीपित होत नाही. डायझेपाम, अल्प्राझोलाम या बेंझोडायझेपाइन गटातल्या गोळ्या त्याच ग्राहीवर वेगळ्या जागी बसतात आणि गॅबा असताना आयनांची वाट अधिक वेळा उघडू देतात; गॅबावाचून त्यांचे काही चालत नाही. बार्बिट्युरेटे ही त्याआधीची झोपेची औषधे ती वाट जास्त वेळ उघडी ठेवत, मोठ्या मात्रेत तर गॅबाशिवायही उघडत. त्यामुळे श्वास बंद पडण्याचा धोका मोठा होता. १९६० मध्ये बेंझोडायझेपाइन गटातलेच क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आल्यावर ती मागे पडली. मात्र दारूही याच ग्राहीवर काम करते. पेगवर गोळी घेतली की नवी औषधेही जिवावर बेतू शकतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांची गुंगी निराळी: जागे ठेवणारे हिस्टामिन तिथे अडवले जाते.

झोप किती लागली यापेक्षा औषध अंगात किती टिकले, हा प्रश्न खरे तर मोठा. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचे अर्धायुष्य (रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) सुमारे अडीच तास, डायझेपामचे २० ते ५० तास. शिवाय यकृतात त्यापासून बनणारे द्रव्यही क्रियाशील असते आणि आणखी रेंगाळते. पहाटेची लोकल धरणाऱ्याच्या अंगात रात्रीची गोळी अजून असतेच. म्हातारपणी ती आणखी सावकाश उतरते. गिरगावातल्या चाळीत मध्यरात्री उठून गॅलरीच्या टोकाच्या संडासाकडे निघालेल्या आजी तोल जाऊन पडतात, खुब्याचे हाड मोडते. शेजारणीला लागू पडली म्हणून अर्धी गोळी मागून घेणे याच कारणाने वाईट.

रोज घेतल्यास काही आठवड्यांत शरीर सरावते. बेंझोडायझेपाइन एकदम बंद केल्यास झोप उडते, हात कापतात, फिटही येऊ शकते. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच उतरवावी लागते.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही औषधे २०१४ पासून औषध नियमांतल्या एच-१ अनुसूचीत, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या एका कडक यादीत, आहेत. वेष्टनावर लाल चौकटीत इशारा असतो. ‘मागच्या वर्षीच लिहून दिलीय’ एवढ्यावर केमिस्टने ती द्यायची नसतात. डॉक्टर, रुग्ण, औषध आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावी लागते.