बाबांच्या फुप्फुसाला ७८ गुण

शिरपूर तालुक्यातल्या एका पाड्यावर, शाळेच्या ओट्यावर टीबीचं शिबिर लागलं होतं. स्टँडवर बसवलेलं एक्स-रे यंत्र जुन्या कॅमेऱ्याएवढं, समोर खिडकीच्या गजाला टांगलेली पांढरी पाटी. टेक्निशियनचा निम्मा वेळ "गळ्यातलं काढा" म्हणण्यातच जात होता. चांदीचे दागिने, काळ्या दोऱ्यातला ताईत, बंडीच्या खिशातली चुन्याची डबी, सगळं फोटोत उमटतं. साठी ओलांडलेले एक बाबा उभे राहिले, श्वास रोखला, आणि थोड्याच वेळात त्यांचं फुप्फुस लॅपटॉपवर आलं. फोटो वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने उजवीकडे वरच्या भागात लाल रंगाने दाखवलेला डाग आणि खाली आकडा : ७८.

"काय म्हनस तुन्हं मशीन?" बाबांनी विचारलं.

प्रश्न सोपा, उत्तर तेवढं सोपं नाही. ७८ म्हणजे टीबी असण्याची शक्यता ७८ टक्के, असं नव्हे. टीबीच्या रुग्णांच्या ज्या फोटोंवर हे सॉफ्टवेअर शिकलं, त्यांच्याशी हा फोटो किती जुळतो याचे ते गुण आहेत. किती गुणांच्या पुढे पुढची तपासणी करायची, ती रेघ माणसं ओढतात.

हे शिकणं कसं होतं? सावदा-रावेर पट्ट्यातला मुरलेला केळी व्यापारी घडाकडे बघून सांगतो, अजून आठवडाभर थांबा. केळाच्या कडा कितपत बुजल्या यावर त्याचं लक्ष असतं; पण नेमकं किती बुजल्यावर, असं विचारलं तर तो नुसता हसतो. त्याने नियम पाठ केलेले नाहीत, घड पाहिलेत. सॉफ्टवेअरही तसंच. लाखो फोटो आणि प्रत्येकासोबत 'आजार आहे' किंवा 'नाही' असा शेरा. चुकलं की आतले आकडे किंचित बदलायचे, पुन्हा बघायचं. फरक एवढाच, की व्यापाऱ्याला आपण केळी बघतोय हे ठाऊक असतं.

यंत्राला ते ठाऊक नसतं, याचा पुरावा २०१८ मध्ये अमेरिकेत मिळाला. छातीच्या फोटोवरून न्यूमोनिया ओळखायला शिकवलेलं एक सॉफ्टवेअर फोटो कोणत्या रुग्णालयातला आहे हेही ओळखू लागलं होतं. टेक्निशियन डावी-उजवी बाजू कळावी म्हणून फोटोच्या कोपऱ्यात धातूचं अक्षर ठेवतात. तेसुद्धा त्याला पुरे होतं. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण मुळातच जास्त होते. मग फुप्फुस कशाला बघायचं? हुशार पण आळशी विद्यार्थ्याची ही जुनी युक्ती आहे. शिकलं त्या रुग्णालयांच्या बाहेरचे फोटो आल्यावर त्याची कामगिरी घसरली.

तरीही पाड्यावर हे यंत्र यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. शहरात फोटो वाचायला रेडिओलॉजिस्ट मिळतात. सातपुड्याच्या पायथ्याशी फोटो निघाला तरी वाचणारा कोण? शिवाय खोकला नसलेलाही टीबी असतो. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात सापडलेल्या क्षयरुग्णांपैकी ४२.६ टक्के लोक एक्स-रे काढला नसता तर निसटले असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांपुढच्या लोकांच्या चाचपणीसाठी अशा सॉफ्टवेअरला मान्यता दिली, ती काही उगीच नाही.

आता त्या रेघेचा हिशोब करू. चाचपणीच्या चाचणीने १०० पैकी किमान ९० रुग्ण पकडावेत आणि १०० निरोग्यांपैकी किमान ७० जणांना मोकळं सोडावं, अशी या संघटनेची अपेक्षा आहे. समजा, हजार जण तपासले आणि त्यांत दहा जणांना टीबी आहे. नऊ सापडतील, एक सुटेल. पण ९९० निरोग्यांपैकी २९७ जणांवरही बोट ठेवलं जाईल. म्हणजे ३०६ जणांचा बेडका तपासायचा, त्यातून नऊ हाती लागणार. तेवढ्या बेडका तपासणीची सोय तालुक्यात नसेल, तर रेघ वर सरकवावी लागते आणि सुटणारे वाढतात. फोटो तोच, फुप्फुस तेच. संशयित कोण, ते तालुक्यातल्या बेडका तपासायच्या किटच्या साठ्यावर ठरतं. या तंत्राच्या जाहिरातींत याचा उल्लेख मी कुठे पाहिला नाही.

आमच्या भागाची आणखी एक अडचण आहे : सिकलसेल. नंदुरबारपासून यावलपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात तांबड्या रक्तपेशींचा हा आनुवंशिक आजार आहे. त्यात रक्त कमी असल्याने हृदय मोठं दिसतं, मणक्यांचा आकार बदलतो, आणि छातीत उद्भवणारा त्याचा झटका फोटोत न्यूमोनियासारखाच दिसतो. शिकवताना असे फोटो समोर आलेच नसतील, तर यंत्र आत्मविश्वासाने चुकेल. ते फोटो धडगाव, अक्कलकुवा, चोपड्यातूनच जायला हवेत.

सोनोग्राफीचं प्रकरण वेगळंच. पोटावरून ठरलेल्या रेषांत प्रोब, म्हणजे सोनोग्राफी यंत्राचा हातात धरायचा भाग, फिरवायचा, पडद्यावर चित्र दाखवायचंच नाही, सॉफ्टवेअरने फक्त गर्भाचे आठवडे सांगायचे, असे प्रयोग परदेशात झाले आहेत. दुर्गम पाड्यावर ते वरदान ठरेल. पण लिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने सोनोग्राफी यंत्राची नोंदणी, जागा आणि हाताळणारा माणूस बांधून ठेवला आहे, आणि २०११ च्या जनगणनेत मुलींच्या घसरलेल्या प्रमाणामुळे जळगावचं नाव झालं होतं. चित्र न दाखवणारं यंत्र कायद्याच्या कोणत्या खणात बसवायचं, याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

तर, बाबा. टेक्निशियनने विचारलं, "आधी कधी टीबीची औषधं घेतली होती का?" घेतली होती, सहा महिने, धाकट्या मुलीच्या लग्नाआधी. बरा झालेला टीबी फुप्फुसावर व्रण ठेवून जातो, आणि अशा लोकांच्या बाबतीत ही सॉफ्टवेअर जास्त फसतात. बेडका घेतला, बाबा घरी गेले आणि दुपारी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जुनी फिल्म घेऊन आले. कडेला उंदरांनी कुरतडलेली. टेक्निशियनने ती उन्हात धरली. उजवीकडे वर तोच डाग, तेवढाच.

लॅपटॉपमध्ये ती फिल्म दाखवायची सोयच नव्हती. बेडक्यात चार दिवसांनी काही निघालं नाही.